आदमाच्या कोटाची ट्रायल

हलसूरच्या बाजारगल्लीत, देवळाकडून येताना डाव्या हाताला, पुरुषोत्तमराव महेंद्रकरांचं शिवणकामाचं दुकान आहे. जातीनंही शिंपी आणि धंद्यानंही शिंपी असा माणूस आता बेंगळुरात शोधून सापडत नाही. बाकीचे महेंद्रकर कधीच बँकांत शिरले, दोघे अमेरिकेत गेले. घराणं तीनशे वर्षांपूर्वी सुईदोरा घेऊन इकडं उतरलं म्हणतात. कुठून, ते कुणाला धड सांगता येत नाही, आणि पुरुषोत्तमरावांना त्याचं सोयरसुतक नाही. वय सहासष्ट. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसं एकेक करून वारली, तसा तो प्रश्नही वारला.

दुकानाच्या वरच्या खोलीत कृष्णमूर्ती राहायचे. सरकारी शाळेत चित्रकलेचे मास्तर. एक्याण्णव साली धाकट्या भावाच्या लग्नासाठी कोट शिवायला म्हणून ते पहिल्यांदा दुकानाची पायरी चढले. तक्त्यांची पिशवी वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर वाहून त्यांचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आलेला. कोटाला दोन ट्रायल पुरतात. कृष्णमूर्तींच्या कोटाला सात लागल्या. दर खेपेला आरशात बघायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, “स्वल्प बिगि, रायरे.” म्हणजे, जरा घट्ट होतोय हो. कोट घट्ट नव्हता. पुरुषोत्तमरावांना ते तिसऱ्या ट्रायलीलाच कळलं होतं. पण त्यांनी मुकाट्यानं खडूची खूण केली आणि पुढचा गुरुवार दिला. भावाचं लग्न कोटाविना उरकलं. दोन महिन्यांनी मास्तर बोचकं घेऊन वरच्या खोलीत राहायला आले.

लोकांना सांगायचं काय? भाडेकरू. मालक खाली, भाडेकरू वर. गल्लीला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, शिरगणतीवाल्यालाही तेच सांगितलं. तेहतीस वर्षं दोघांनी हे सोंग असं वापरलं की ते कापडासारखं मऊ पडलं. अंगावर आहे हेसुद्धा कळेना.

आणि तेच नडलं. फेब्रुवारीत एका सकाळी कृष्णमूर्ती दाढी करताना खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळात काउंटरवरच्या बाईनं फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, “पेशंटचे तुम्ही कोण?” पुरुषोत्तमरावांच्या तोंडून फटकन आलं, “घरमालक.” इतक्या वर्षांची सवय. बाई म्हणाली, मग घरच्या कुणाला तरी बोलवा. पुरुषोत्तमरावांनीच फोन केला. पुतण्या आला, यशोवर्धन; ज्याच्या बापाच्या लग्नाचा तो कोट होता, तोच. चांगला मुलगा. त्यानं सगळं केलं, आणि तीन आठवड्यांनी थोरल्या काकांना सर्जापूर रोडच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. पुरुषोत्तमराव इस्पितळाच्या दारात मास्तरांच्या चपला हातात धरून उभे होते. त्या चपलाही यशोवर्धननं आभार मानून नेल्या.

आता गोष्ट उरली ती एवढीच, की कृष्णमूर्ती परत दिसणार की नाही.

पुरुषोत्तमराव दोनदा गेले. पहिल्यांदा गेटवरच्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या गार्डानं हातातल्या टॅबवर बोट नाचवत विचारलं, “किससे मिलना है? कौन हैं आप?” हे म्हणाले, घरमालक. गार्डानं वर फोन लावला. पुतण्याची बायको रम्या फोनवरूनच म्हणाली, “खोलीचं ना? यश ऑफिसात आहे, त्याच्याशी बोला.” संपलं. दुसऱ्यांदा रविवारी गेले. यशोवर्धन स्वतः खाली आला, हात जोडले. “अंकल, खोली अडकून पडलीय, कळतं मला. या आठवड्यात रिकामी करून देतो. तुम्ही कशाला एवढ्या उन्हाचं यायचं?” आणि शब्दाला जागला. गुरुवारी टेम्पो आला. खाट गेली, रंगांच्या पेट्या गेल्या. खोली झाडूनसुद्धा दिली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. सज्जनापुढं माणूस नुसता उभा राहतो.

त्यानंतर पुरुषोत्तमरावांना काही झालं नाही. रडले नाहीत, आजारी पडले नाहीत. सकाळी शटर वर, संध्याकाळी खाली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रोज उप्पीट खायचे. एक दिवस हॉटेलवाल्यानं उप्पिटात मीठच घातलं नव्हतं, सगळं गिऱ्हाईक ओरडलं, पुरुषोत्तमराव खाऊन हात धुऊन आले. सुई बोटात गेली तर कापडावर डाग पडू नये एवढीच चिंता. रोज एकदा वर जाऊन रिकामी खोली झाडायचे. झाडायला काही नसायचं.

मेमध्ये सिद्धी आली. पुण्याची मुलगी, कसल्याशा कंपनीत कसलंसं टेस्टिंग करणारी. आठवडाभर कॉम्प्युटर आणि रविवारी नाटक. मराठी बोलणारा शिंपी हलसूरला आहे हे कुठून तरी ऐकून थडकली.

“काका, दोन कोट हवेत. फरचे. म्हणजे खोट्या फरचे, चिकपेठेत मिळतं ते ब्राऊन कापड. आदमसाठी.”

“आदम कोण? तुझा साहेब?”

“बायबलमधला हो! पहिला माणूस.”

“एका माणसाला दोन कोट?”

“दोन आदम आहेत काका. तीच तर गंमत आहे.”

पुरुषोत्तमराव काज करत होते, ते करतच राहिले. मुलगी स्टुलावर बसली आणि तिनं विश्वाची उत्पत्ती सांगायला घेतली. मूळ गोष्टीत देव मातीचा एक माणूस करतो, मग त्याची बरगडी काढून बाई करतो. सिद्धीच्या नाटकातला देव म्हणजे मॅनेजर. सहा दिवस काम करून दमलेला, डोळ्यांखाली काळं. त्यानं आदम केला तर माती उरली. पुरणपोळीची कणीक उरली की घरोघरी तिचं काहीतरी करतातच, फेकत नाहीत. तसं देवानं उरलेल्या मातीचा आणखी एक माणूस केला. साचा एकच, म्हणून तोही आदम. नावं ठेवायचं काम पहिल्या आदमकडं होतं. दिवसभर हत्ती, घोडा, झुरळ अशी नावं ठेवून तो कंटाळलेला. दुसऱ्याला म्हणाला, मीही आदम, तूही आदम, लक्षात ठेवायला सोपं. दोघं बागेत राहू लागले. भांडण फक्त अंथरूण कोण घडी करणार यावरून. पुढं साप आला फळं विकायला. सापाला दोन पुरुषांचं काही वाटलं नाही. त्याला गिऱ्हाईक हवं होतं.

“मग देव चिडला,” पुरुषोत्तमराव म्हणाले. एवढं त्यांना ऐकून माहीत होतं.

“फळ खाल्लं म्हणून नाही हं काका. वरून फॉर्म आला. नर एक, मादी एक, सही करा. देव म्हणाला, माझ्याकडं दोन रकाने आहेत, तुम्ही दोघं एकाच रकान्यात बसताय, मी हिशेब कुठं लावू? सबब बाहेर व्हा.”

सिद्धी आपल्याच विनोदावर हसली. पुरुषोत्तमरावांनी दोरा दातानं तोडला.

“कोट कुठं येतात यात?”

“बाहेर काढायच्या आधी देव त्यांना चामड्याचे कपडे शिवून घालतो. हे मी घुसडलेलं नाही काका, मुळातच आहे.”

“देव शिवतो? स्वतः?”

“स्वतः.”

“माप घेतलं होतं?”

“तसं काही लिहिलेलं नाहीये.”

“मग बसले नसणार,” पुरुषोत्तमराव म्हणाले आणि चष्मा पुसला.

मुलगी जरा घुटमळली. “काका, तुम्हाला ऑड वगैरे नाही ना वाटत? दोन पुरुष म्हणजे. आता कायद्यानं चालतं हं. अठरा सालापासून.”

“ऐकलं होतं. गौरी-गणपतीची घाई होती. ब्लाउजांना हुक लावत होतो.”

हे खरं होतं. एवढंच त्यांनी सांगितलं नाही, की त्या दुपारी वरच्या खोलीतला रेडिओ अचानक मोठा झाला आणि लगेच बारीक झाला. जेवताना दोघांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कृष्णमूर्तींनी फक्त दुसऱ्यांदा ताक मागितलं, जे ते कधी मागत नसत.

दोघा नटांची मापं सिद्धीनं आणून दिली. एक रणजीत, एक मल्हार. पुरुषोत्तमरावांनी कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला, मंगळवारी कापड पसरलं आणि कापायला घेतलं. हात चालत होता. डोकं कुठं होतं देव जाणे. बहुतेक कुठंच नव्हतं. पन्नास वर्षं कात्री धरलेला हात डोक्याला विचारत नाही.

रविवारी ते दोन्ही कोट कच्च्या टाक्यांवर घेऊन इंदिरानगरला गेले. मेट्रोनं एकच स्टेशन. कॉफीच्या दुकानावर एक हॉल होता, तिथं तालीम चालली होती. यांना खुर्ची दिली. शेवटचा प्रवेश सुरू होता. बागेच्या फाटकावर देवानं एक देवदूत बसवलेला, हातात जळती तलवार. तलवार म्हणजे ट्यूबलाइट. बाहेर काढलेले दोघं आदम परत आलेत, आत जाऊ दे म्हणतात.

“मालक आहात?” देवदूत विचारतो.

“नाही.”

“मालकाचे नातेवाईक?”

“त्यानं आम्हाला मातीतून केलं हो.”

“म्हणजे नातेवाईक नाही. मग पुढं व्हा.”

दोघं आदम बाजूला जाऊन कुजबुजतात. एक जण खुरपं उचलतो, डोक्याला फडकं गुंडाळतो आणि परत येतो. “माळीकाम.” देवदूत लगेच तलवार बाजूला करतो. “मागच्या दारानं जा. चपला बाहेर.”

हॉलमधली पोरं खो-खो हसली. पुरुषोत्तमराव हसले नाहीत. पण मल्हार ते फडकं सोडून ट्रायलीला समोर येईपर्यंत ते त्या ट्यूबलाइटकडंच बघत होते.

रणजीतचा कोट बसला. मल्हारच्या अंगावर कोट चढवला, तो समोर मिटत नव्हता. उजवीकडून असा ओघळला होता, की धिप्पाड पोरगं आजारी वाटू लागलं. हा मल्हार बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मापं तपासायचीच नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशीही खिशात टेप. त्यानं स्वतःच लावून बघितली.

“काका, छाती अडतीस आलीय. मी बेचाळीस. आणि उजवा खांदा पाऊण इंच खाली. पाऊण म्हणजे पाऊण, सूतभर इकडंतिकडं नाही.”

“हे चुकून झालेलं नाहीये,” सिद्धी हळू म्हणाली. “हे माप आहे. काका, कोणाचं?”

पुरुषोत्तमराव कोटाकडं बघत राहिले. खांद्यावर हात फिरवला, शिवण बघितली. “कृष्णमूर्तींचं,” म्हणाले.

“कोण कृष्णमूर्ती?”

“भाडेकरू.”

“भाडेकरूचं माप हातात बसतं होय?” मल्हार गमतीनं म्हणाला. सिद्धीनं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

मग पुरुषोत्तमराव म्हणाले, “तेहतीस वर्षं होते वर. आता सर्जापूर रोडला आहेत. पुतण्याकडं. भेटू देत नाहीत असं नाही. त्यांना वाटतं मी खोलीसाठी येतो. मीच सांगितलंय, घरमालक म्हणून.” हवामान सांगावं तसं सांगितलं. आयुष्यात हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते, आणि त्यांना काहीही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

सिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच तिनं कंबर कसली. “मी बोलते त्या पुतण्याशी. समजावून सांगते. नाहीतर माझी एक वकील मैत्रीण आहे—”

“काही नको, अक्का.” त्यांनी मल्हारच्या अंगातून कोट अलगद काढला, घडी केली, पिशवीत घातला. “याचा दुसरा शिवतो. शनिवारी देईन. हा राहू दे माझ्याकडं.”

“पण हा तर फरचा, काका! अस्वलाचा वाटतो.”

“असू दे.”

गुरुवारी त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. गळ्यात इंचटेप अडकवली, खिशात खडू, छातीशी टाचण्यांची उशी, हातात पिशवी. दोन बस बदलून सर्जापूर रोड. गेट तेच, गार्ड तोच, पण त्यानं ओळखलं नाही. घरमालकाला बघितलेलं होतं त्यानं. टेप अडकवलेल्या माणसाचं तोंड कोण बघतं?

“क्या काम है?”

“टेलर. ट्रायल देना है. चौदा सौ तीन.”

“थैले में?”

पुरुषोत्तमरावांनी पिशवी उघडून दाखवली. गार्डानं आत बोट घातलं आणि झटकन मागं घेतलं. “भालू?”

“कोट.”

गार्डानं टॅबवर ‘सर्व्हिस’ दाबलं. वरून रम्यानं बघितलंही नसेल. होकार तीन सेकंदांत आला. शिंप्याला काय विचारायचं? “सर्व्हिस लिफ्ट, पीछे से.” पुरुषोत्तमराव मागून गेले. लिफ्टमध्ये पाण्याचे दोन कॅन आणि एक कामवाली होती.

दार रम्यानंच उघडलं. कानात फोनची बोंडं, हातात पोळपाट. कन्नडमध्ये म्हणाली, “कोट? दोड्डप्पांनी सांगितला होता? कधी?” दोड्डप्पा म्हणजे थोरले काका.

“एक्याण्णव साली,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “अजून ट्रायल चालू आहे.”

रम्याला वाटलं म्हातारा गमत्या आहे. हसून आत घेतलं.

कृष्णमूर्ती बाल्कनीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. स्वच्छ ठेवलं होतं त्यांना. दाढी गुळगुळीत, नखं कापलेली, पायांवर शाल. अंगात मात्र पुतण्याच्या कंपनीचा टी-शर्ट, दोन मास्तर मावतील एवढा. पुरुषोत्तमरावांना आधी तो टी-शर्टच दिसला. मग गळ्याशी निघालेली हाडं. मग डोळे. डोळे यांच्यावर होते, आणि हलत नव्हते.

कुणी नाव घेतलं नाही. पुरुषोत्तमरावांनी पिशवीतून कोट काढला. तपकिरी, केसाळ, अंगभर पांढरे कच्चे टाके, ट्रायलीला लावतात तशी एकच बाही.

“हा कोट?” रम्या म्हणाली. “बेंगळुरात?”

“ऑर्डर तशीच आहे, अम्मा.”

लुळा हात आधी घालायचा असतो, हे नर्सला शिकवावं लागतं, शिंप्याला नाही. त्यांनी उजवा हात उचलला. हाताला वजन होतं, पण पकड नव्हती. बाहीत सरकवला, पाठीमागून कोट वळवून घेतला, समोरून टाचणी लावली. खांद्यावर हात ठेवला. पाऊण इंच कुठला! दोन इंच खाली आला होता. छाती अडतीसवरून फार तर चौतीस. कोट तंबूसारखा लोंबत होता, आणि त्यातून मास्तरांचं डोकं कासवासारखं बाहेर.

“खूपच सैल झालाय हो,” रम्या म्हणाली. “राहू दे ना. कशाला उगाच? त्यांना कुठं जायचंय कोट घालून?”

बोलणं बरोबर होतं. पुरुषोत्तमरावांनी गळ्याजवळची टाचणी काढायला हात उचलला.

तेवढ्यात कृष्णमूर्तींचं तोंड हललं. चार महिन्यांत बोलायला शिकवणारीनं त्यांना दोन शब्द परत आणून दिले होते, पाणी आणि पुरे. हा तिसरा कुणी शिकवलेला नव्हता. डावा ओठ वर गेला, उजवा जागचा हलला नाही. घशातून हवा आली, लाळ आली, आणि मग—

“स्व... ल्प.”

रम्या पोळपाट घेऊन तशीच उभी.

“बि... गि.”

“घट्ट? दोड्डप्पा, अहो सैल आहे! हे बघा, केवढा!” तिनं कोट चिमटीत धरून दाखवला.

“बिगि,” कृष्णमूर्ती म्हणाले. या वेळी मास्तर वर्गात बोलतात तसं.

“गिऱ्हाईक घट्ट म्हणतंय, तर घट्ट,” पुरुषोत्तमराव म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. खडू काढला, खांद्यावर एक रेघ मारली, काखेत एक मारली. दोन्ही रेघांची काही गरज नव्हती. “सैल करावा लागेल. पुढच्या गुरुवारी दुसरी ट्रायल.”

“एका कोटाला किती ट्रायल लागतात?”

“खांदा वाकडा आहे, अम्मा. सांगता येत नाही.”

रम्यानं खांदे उडवले. दर वेळी गेटवरून फोन नको म्हणून तिनं तिथंच मोबाइलवर नोंद करून टाकली. कामवाली रोज, पेपरवाला रोज, गाडी धुणारा एक दिवसाआड, टेलर दर गुरुवारी. यशोवर्धनला कळेल तेव्हा कळेल. तोवर तो ऑफिसात असतो.

कोट काढताना लुळा हात शेवटी काढायचा असतो. पुरुषोत्तमरावांनी तो जरा जास्त वेळ धरला, एवढंच. मग पिशवी भरली, चपला घातल्या, मागच्या लिफ्टनं खाली आले.

दुकानात पोचले तेव्हा अजून उजेड होता. त्यांनी कोट टेबलावर पसरला, चष्मा लावला. सगळ्या कोटात डावा खांदा तेवढा चोख बसला होता, हात लावायला जागा नव्हती. पुरुषोत्तमरावांनी ब्लेड घेतलं आणि नेमका तोच उसवायला बसले.